महेश्वरीवर मशीन भरतकाम केलं की चुण्या पडतात? आधी बघा, त्या कधी पडल्या

तक्रार नेहमीची आहे. फ्रेममध्ये असताना फूल सपाट, सुबक दिसतं. कापड बाहेर काढलं की पाकळ्यांभोवती गोळा होतं. कुणाकडे शिवण चालू असतानाच चुण्या पडतात, कुणाकडे पहिल्या धुण्यानंतर. डिझाइन बदललं, धागा बदलला, तरी पुन्हा तेच.

इंदूरच्या मंडळींना हा त्रास जरा जास्तच होतो, त्याला कारण महेश्वरी, म्हणजे महेश्वरला विणलं जाणारं रेशीम-सुती कापड. महेश्वर इथून सुमारे ९० किलोमीटर, त्यामुळे ब्लाउजपीस, दुपट्टे, मीटरवर मिळणारं कापड सहज हाताशी येतं. घरी एम्ब्रॉयडरी मशीन आलं, टॉवेल-रुमालांवर नावं काढून झाली, की पुढची उडी थेट महेश्वरीवर. टॉवेलवर ज्या चुका खपून जातात त्या इथे उघड्या पडतात.

चुणी दिसली की बहुतेक जण दोन गोष्टी करतात: फ्रेमचा स्क्रू आणखी आवळतात आणि टेन्शनचा, म्हणजे धाग्याच्या ताणाचा, अंक वाढवतात. महेश्वरीवर या दोन्हींनी चुण्या वाढतात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: चुणी पहिल्यांदा दिसली कधी?

शिवताना, फ्रेममध्येच दिसली तर दोष दाटीत (टाके किती जवळजवळ पडतात त्यात), टेन्शनमध्ये किंवा कापडाखालच्या आधारात आहे. फ्रेममध्ये सगळं ठीक होतं आणि बाहेर काढल्यावर दिसली, तर कापड फ्रेममध्ये ताणून बसवलं होतं. धुतल्यावर किंवा वाफेच्या इस्त्रीनंतर दिसली, तर काहीतरी आटलंय: कापड, बॅकिंग (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) किंवा धागा. दोन कारणं एकत्र असू शकतात, पण पहिली चुणी ज्या वेळी दिसली तिथूनच शोध सुरू करायचा.

कापडाबद्दल थोडं

नेहमीच्या महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असतो. उभा धागा बारीक, गुळगुळीत, सरकणारा. आडवा धागा पाणी लागलं की आटणारा. विणही घट्ट नसते. त्यामुळे टाका ओढला गेला की जवळचे धागे जागा सोडतात, आणि धुण्यात लांबी-रुंदी सारखी आटत नाही. चंदेरीचंही असंच, वर ती पारदर्शक, म्हणून मागचं बॅकिंग पुढून दिसतं. निव्वळ सुती महेश्वरी मिळते, ती बरीच समजूतदार असते. शिकायला तीच घ्या.

बाहेर काढल्यावर पडणारी चुणी

सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच, आणि ते एका अर्धवट सल्ल्यातून येतं: “कापड ढोलकीसारखं ताठ बसव.” ताठ बसवायचं ते बॅकिंग. कापड त्यावर नुसतं सपाट हवं. हाताच्या रिंगेत भरतकाम करताना कापड खेचून बसवायची सवय असते, ती इथे नडते.

ताण मोजून बघता येतो. कापड टेबलावर सपाट पसरा आणि टेलरच्या खडूने १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा, रेषा ताण्या-बाण्याला समांतर ठेवून. फ्रेम बसवल्यावर चौकोन पुन्हा मोजा. १० चे १०.२ झाले असतील तर कापड २ टक्के ताणलंय. त्या ताणलेल्या कापडावर हजारो टाके पडतात आणि भरलेला भाग १०.२ वरच पक्का होतो. फ्रेम काढली की भोवतीचं मोकळं कापड १० वर परत येतं, मधला भाग येत नाही. जास्तीचे २ मिलिमीटर कुठेतरी जायलाच हवेत, त्याचीच चुणी होते. चौकोनाचे कोन बिघडून तो तिरका झाला असेल तर आणखी वाईट, कारण तिरप्या दिशेत हे कापड सर्वात जास्त लांबतं.

हा ताण बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी येतो. आतली रिंग दाबून बसली, स्क्रू आवळला, आणि मग चारही बाजूंनी कापडाच्या कडा ओढल्या. तेवढं ओढणं टाळलं तरी निम्मा प्रश्न मिटतो. स्क्रू आधीच जवळजवळ पुरेसा घट्ट करून ठेवा, म्हणजे आतली रिंग थोड्या जोराने पण एकदाच बसेल, आणि नंतर कापडाला हात लावायची गरज उरणार नाही. रिंग सरकते म्हणून लोक ओढतात. त्यावर उपाय म्हणजे आतल्या रिंगेला बारीक सुती फीत गुंडाळणं. प्लॅस्टिकवर रेशीम घसरतं, सुती फितीवर नाही.

तरीही महेश्वरीसाठी सर्वात भरवशाची पद्धत वेगळी आहे: कापड फ्रेममध्ये घालायचंच नाही.

१. फ्रेममध्ये फक्त बॅकिंग बसवा. हे मात्र खरोखर ताठ, बोटाने वाजवलं तर आवाज यायला हवा.
२. बॅकिंगवर तात्पुरत्या चिकटणाऱ्या स्प्रेचा हलका थर द्या, २०–२५ सेंटिमीटर अंतरावरून, मशीनपासून दूर. मशीनजवळ मारलेला स्प्रे शटलमध्ये जाऊन बसतो.
३. कापड मधून बाहेरच्या दिशेने हाताने सपाट करत ठेवा. दाबा, ओढू नका.
४. मशीनमध्ये बेस्टिंगची सोय असेल तर डिझाइनपासून ५ मिलिमीटर बाहेर लांब कच्च्या टाक्यांची चौकट घाला. सोय नसेल तर हाताने कच्चे टाके घाला. काम झालं की ते काढून टाकायचे.
५. जितकं डिझाइन, तितकीच फ्रेम. १० सेंटिमीटरच्या फुलाला २८ सेंटिमीटरची फ्रेम लावली की मधलं बॅकिंग वर-खाली उडत राहतं.

या पद्धतीने रेशमावर फ्रेमचे वळही उठत नाहीत, आणि ते वळ इस्त्रीने सहजी जात नाहीत. काम अर्धवट सोडून फ्रेम रात्रभर तशीच ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. पावसाळ्यात कापड आणि बॅकिंग दोन्ही ओल धरून ढिले पडतात, आणि सकाळी उरलेला भाग वेगळ्याच ताणावर शिवला जातो.

शिवतानाच पडणारी चुणी

आधी आधाराचं बघू. इंदुरात राजवाड्याच्या आसपास शिवणसाहित्याच्या दुकानात “एम्ब्रॉयडरीचं बॅकिंग” मागितलं तर अनेकदा कागदासारखं, फाडता येणारं नॉन-वोव्हन हातात येतं, नाहीतर कॉलरचं बकरम. बकरम इथे नको, ते कडक राहतं आणि कापडाची पडण जाते. फाडता येणारं बॅकिंग जाड सुती कापडाला चालतं. महेश्वरीवर भरीव डिझाइनला ते अपुरं पडतं. सुई त्याला इतकी जवळजवळ भोकं पाडते की डिझाइनच्या कडेने ते सुटूनच येतं, आणि पुढचे टाके एकट्या कापडावर पडतात. सुरुवातीचा भाग सपाट आणि शेवटचा चुरगळलेला असेल तर मागे उलटून बघा, बॅकिंग जवळजवळ तुटलेलं दिसेल.

महेश्वरीला मऊ, कापून काढायचं बॅकिंग लावा, ५० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचं, जाळीदार मिळालं तर उत्तम. ते शिवणीनंतर कडेने ५–६ मिलिमीटर सोडून कापायचं आणि मागे कायम राहू द्यायचं. आठ-दहा हजार टाक्यांपर्यंत एक थर पुरतो. त्यापुढे दुसरा थर, पहिल्याच्या आडव्या दिशेत ठेवून. चंदेरीवर किंवा झिरझिरीत दुपट्ट्यावर बॅकिंग दिसायला नको असेल तर पाण्यात विरघळणारं, पण कापडासारखं दिसणारं घ्या, दोन थर. प्लॅस्टिकसारखी पारदर्शक फिल्म त्याच्याऐवजी चालत नाही. ती टॉवेलवर वरून टाकायला असते. खाली लावली तर सुईच्या भोकांनी फाटते. पाण्यात विरघळणारं काहीही हवाबंद पिशवीत ठेवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते लिबलिबीत होतं, मेच्या कोरड्या उन्हात ठिसूळ.

आणखी एक स्वस्त आधार घरातच आहे: खळ. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात घाला, पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून गार करा. कापडाला लावून सावलीत वाळवा आणि किंचित दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री करा. धागे जागच्या जागी धरले जातात आणि टाके त्यांना सहज ओढू शकत नाहीत. कापड पुढे धुण्यासारखं असेल तरच खळ लावा, आणि आधी कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहा. खळ बॅकिंगच्या जोडीला लावायची असते. बॅकिंग वाचवायला म्हणून लावली तर उपयोग नाही.

आता दाटी. लोक धाग्याला आणि मशीनला दोष देतात, पण कित्येकदा गुन्हेगार डिझाइनच्या फाइलमध्येच असतो.

हिशोब सोपा आहे. ५ सेंटिमीटर बाजूचा भरीव चौकोन घ्या. लागून असलेल्या दोन ओळींमध्ये ०.२५ मिलिमीटर अंतर आणि टाक्याची लांबी ३ मिलिमीटर धरली, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १३३ टाके पडतात आणि पूर्ण चौकोनात ३,३०० च्या आसपास. अंतर ०.३५ केलं की तोच चौकोन साधारण २,४०० टाक्यांत भरतो. जास्तीचे ९०० टाके म्हणजे कापडात घुसवलेला ९०० टाक्यांचा धागा. तो जागा मागतो आणि कापडाला बाजूला ढकलतो.

इंक/स्टिच हे इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर चालणारं, भरतकामाच्या फाइल बनवायचं मोफत सॉफ्टवेअर छंद म्हणून शिकणाऱ्यांना फार सोयीचं आहे. त्यात फिलच्या (भरणीच्या) ओळींमधलं मूळ अंतर ०.२५ मिलिमीटरच असतं. जाड कॉटनला ते छान. महेश्वरीवर ०.३० पासून सुरुवात करा. धाग्याचा रंग कापडाच्या जवळपासचा असेल, म्हणजे मोतिया कापडावर बदामी वगैरे, तर ०.३५ पर्यंत निर्धास्त जा, कारण फटी दिसतच नाहीत. गडद कापडावर पांढरं भरायचं असेल तर मात्र ही सूट मिळत नाही. तिथे दाटी वाढवण्याऐवजी खालचे अंडरले टाके नीट घाला, झाकणं त्यांचं काम आहे. दुसऱ्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा उचलू नका. काही सॉफ्टवेअर लागून असलेल्या दोन ओळींमधलं अंतर मोजतात, काही एकाच दिशेने जाणाऱ्या दोन ओळींमधलं, म्हणजे मधली परतीची ओळ सोडून. एकाचं ०.४ आणि दुसऱ्याचं ०.४ सारखं असेलच असं नाही. तुलना करायची तर तेवढ्याच आकाराच्या टाक्यांची एकूण संख्या बघा.

विकत किंवा फुकट मिळालेलं डिझाइन मशीनच्या पडद्यावर लहान करण्याचा मोह सर्वात घातक. अनेक घरगुती मशीन आकार बदलतात, पण टाक्यांची संख्या तीच ठेवतात. डिझाइन २० टक्के लहान केलं की क्षेत्रफळ ६४ टक्के उरतं आणि दाटी ५६ टक्क्यांनी वाढते. आकार बदलल्यावर पडद्यावरचा टाक्यांचा आकडा हललाच नाही, तर ते डिझाइन महेश्वरीवर घेऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्या आकारानुसार टाके पुन्हा पाडून घ्या. फुलाखाली पूर्ण भरलेलं पान, पानाखाली पूर्ण भरलेली फांदी, असे थरावर थर असतील तर झाकला जाणारा भाग कापून टाका. तिथे दाटी दुप्पट-तिप्पट होते आणि सुईसुद्धा तुटते.

चुण्या डिझाइनच्या एकाच बाजूला ढकललेल्या दिसतात का? मग शिवण्याचा क्रम बघा. मधून बाहेर गेलं की सैल कापड बाहेर सरकतं. कडेपासून आत आलं की ते मध्ये अडकतं आणि शेवटचा भाग फुगतो. शेजारच्या पाकळ्यांच्या भरणीची दिशा वेगवेगळी ठेवली तर ओढही वाटली जाते. सगळ्या एकाच दिशेने भरल्या तर सगळी ओढ त्याच दिशेला.

टेन्शन तपासण्याआधी प्रेसर फूट (कापड दाबणारा पाय) वर करून धागा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलेला धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसत नाही, आणि मग माणूस उगाच अंक फिरवत बसतो. त्यानंतर त्याच कापडाच्या तुकड्यावर ६ मिलिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर लांब सॅटिन टाक्याची (एकमेकांना लागून आडव्या टाक्यांची) पट्टी शिवा आणि उलटी करा. मध्ये एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा धागा आणि दोन्ही कडांना एकेक तृतीयांश रंगीत, असं दिसायला हवं. पांढरा अर्ध्याहून जास्त रुंद असेल तर वरचा धागा आवळलेला आहे. अर्ध्या अंकाने कमी करा आणि पुन्हा पट्टी शिवा. पांढरं पुढच्या बाजूला कडेने डोकावायला लागलं तर मात्र बॉबिन सैल आहे किंवा केसमध्ये कचरा आहे. बारीक ब्रशने साफ करा. बॉबिन केस बाहेर निघणारी, धातूची असेल तर भरलेली केस धाग्याला टांगून हलका झटका द्या: दोन-तीन सेंटिमीटर उतरून थांबली तर ठीक, भस्सकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. वरून बॉबिन टाकायच्या मशीनमध्ये हा प्रयोग करू नका, आणि त्या केसच्या स्क्रूला विनाकारण हात लावू नका.

सुई: ४० नंबरच्या धाग्याला ७५/११ ची एम्ब्रॉयडरी सुई. बारीक नावं, लहान अक्षरं काढायची असतील तर त्याहून बारीक, ६० नंबरचा धागा आणि ६५/९ ची सुई. भोकं लहान पडतात, ओढ कमी. ४० नंबरचा धागा ६५/९ मध्ये ओवू नका, नेढ्यात घासून उसवतो. शिवण्याचे आठेक तास झाले की सुई बदला. वेग मिनिटाला ४००–६०० टाके पुरे. मशीन ८०० देतं म्हणून ८०० चालवायचं नसतं, निदान रेशमावर तरी.

धुतल्यावर पडणारी चुणी

इथे शिवणीत दोष नसतोच, म्हणून लोक चक्रावतात. कापड आधी धुतलं नव्हतं, एवढंच. बाणा सुती, तो पहिल्या पाण्यात आटतो. पॉलिएस्टर धाग्याचं फूल आटत नाही. मधलं फूल मूळ मापाचं आणि भोवतीचं कापड लहान, त्यामुळे फूल वाटीसारखा खोलगट आकार घेतं.

कापड आधी गार पाण्यात, अगदी सौम्य साबणात १५–२० मिनिटं भिजवा, न पिळता निथळा, सावलीत वाळवा, किंचित ओलं असताना इस्त्री करा. त्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा दाबून रंग जातो का पाहा. भारी साडी, जी पुढेही ड्रायक्लीनलाच जाणार आहे, ती मुद्दाम पाण्यात घालायची काही गरज नाही. ब्लाउज, कुर्ता, मुंजीचं उपरणं, चौरंगावरचा पट्टा, म्हणजे घरात धुतलं जाणारं जे काही, ते मात्र धुतल्याशिवाय फ्रेमजवळ नेऊ नका. चिकटवायचं सुती बॅकिंग लावणार असाल तर तेही आटतं. तेही आधी भिजवून वाळवून घ्या.

दुसरं कारण कुणाच्या डोक्यातही येत नाही: बॉबिन भरण्याचा वेग. पॉलिएस्टर धागा पूर्ण वेगाने भरला की लांबून गुंडाळला जातो. शिवणीनंतर, विशेषतः पाणी आणि उष्णता लागल्यावर, तो मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि मागून कापड गोळा करतो. अर्ध्या वेगाने भरा. भरलेली बॉबिन दगडासारखी घट्ट लागत असेल तर ती या कामाला वापरू नका. वरचा धागा जास्त टेन्शनवर असेल तर त्याचंही हेच होतं. पॉलिएस्टर लांबून परत येतं, व्हिस्कोस रेयॉन तेवढं येत नाही आणि कापडावर मऊ बसतं. महेश्वरीला रेयॉन छान जातो. रोज धुवायच्या कपड्याला टिकाऊ म्हणून पॉलिएस्टरच बरा.

चुणीसारखं दिसतं, पण चुणी नाही

डिझाइनपासून एक बारीक सरळ रेघ निघून ताण्याच्या दिशेने लांब जाते आणि इस्त्रीने जात नाही? रेशमाचा धागा सुईने ओढला गेलाय. टोक बोथट किंवा वाकडं आहे. जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून टोक फिरवा, अडकलं तर सुई फेकून द्या.

फूल सपाट आहे, पण आउटलाइन एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर गेली आहे? साडीचं वजन. साडेपाच मीटर कापड टेबलाच्या कडेवरून लोंबत असेल तर ते फ्रेमला सतत एकीकडे खेचतं. साडी गुंडाळून क्लिपा लावा आणि मशीनच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीवर आधार द्या. घरातलं इस्त्रीचं टेबल या कामाला चांगलं.

आउटलाइन आणि भरणी यांच्यामध्ये समोरासमोर दोन्ही बाजूंना फट दिसते? टाके आपल्या लांबीच्या दिशेने कापड आत ओढतात आणि त्याच्या आडव्या दिशेने बाहेर ढकलतात, त्यामुळे गोल लंबगोल होतो. ३० मिलिमीटरचा गोल भरून दोन्ही दिशांनी मोजा. ओढीच्या दिशेने २९.४ भरला तर दोन्ही कडांना ०.३ मिलिमीटर पुल कॉम्पेन्सेशन (ओढीची भरपाई म्हणून वाढवलेलं माप) द्या. इंक/स्टिचमध्ये हा आकडा मुळात शून्य असतो, तो आपणच भरायचा.

जरीच्या काठावर भरतकाम करू नका, जरीचा धागा तुटतो आणि सुई खराब होते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो हे त्याचं खास वैशिष्ट्य. पदरावर डिझाइन काढलं की त्या भागात उलट बाजू कायमची उलट बाजूच होते, हे साडीच्या मालकिणीला आधी सांगितलेलं बरं.

डिझाइनची निवडही विचारात घ्या. या कापडाला भरीव गुलाब शोभत नाही आणि पेलवतही नाही. महेश्वरीच्या काठांवर मुळात लहर, चटई, विटा, चमेलीचं फूल, हिरा असे रेषेचे आणि छोट्या आकारांचे नमुने असतात. हीच लहर धावदोऱ्याने किंवा तिहेरी टाक्याने काढली तर बॅकिंगचा एक थर पुरतो आणि चुणीचा प्रश्न फारसा उरत नाही. सॅटिन वापरायचं तर २ ते ४ मिलिमीटर रुंदी ठेवा. ७ च्या पुढे टाके लांब होतात, बांगडीत अडकतात.

तपासायची रीत

त्याच कापडाचा १५ सेंटिमीटर चौरस तुकडा हवा. ब्लाउजपीसच्या कडेची पट्टी यासाठी जपून ठेवा. दुसऱ्या कापडावरची चाचणी काही सांगत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा: बॅकिंगचे थर, ओळींमधलं अंतर, टेन्शनचा अंक, सुई. क्रम असा ठेवा: आधी फ्रेम बसवणं, मग बॅकिंग, मग दाटी, सुई त्यानंतर, आणि टेन्शन सर्वात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात कारण टेन्शनचं चक्र हाताशी असतं. चाचणीचा तुकडा फ्रेममधून काढून एकदा धुवा, वाळवा, इस्त्री करा, मगच त्यावर निकाल द्या.

पडलेल्या चुण्यांचं काय करायचं

जाड टॉवेल पसरा, भरतकाम त्यावर पालथं ठेवा, मागून हलकी वाफ द्या आणि इस्त्री रेशमाच्या तापमानावर दाबून उचला, सरकवू नका. हलक्या चुण्या यात जातात. न गेल्यास उशीसारख्या पाटावर कापड पालथं पसरून पाण्याचा बारीक फवारा मारा, गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी चारही बाजूंनी मापात खेचून बसवा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. पाण्याने रेशमावर डाग पडतो का, हे आधी कडेला बघून घ्या.

कापड ताणून बसवल्यामुळे पडलेली चुणी अशी निम्मीच जाते. टाके उसवायचे असतील तर मागून बॉबिनचे धागे थोड्या-थोड्या अंतरावर कापा आणि पुढून रंगीत धागा उपसा. पण महेश्वरीवर भोकांच्या खुणा राहतात, आणि त्याच जागी तेच डिझाइन पुन्हा शिवलं तर कापड फाटतं. अशा वेळी तेच फूल घट्ट विणीच्या सुती कापडावर वेगळं शिवून, कडेला सॅटिन घालून, त्या टाक्यांना धक्का न लावता अगदी काठाने कापून घ्या. पॅच म्हणून चुणीच्या जागेवर हाताने अदृश्य टाक्यांनी बसवा. पॅच मूळ डिझाइनपेक्षा प्रत्येक बाजूने निदान ४ मिलिमीटर मोठा हवा, नाहीतर जुनी भोकं कडेने दिसत राहतात.